घर सजवायचे, पण कुणाच्या हातांनी?

(तृतीय वर्ष कला)

आमच्या उंबरमाळी स्थानकावर कसाऱ्याहून येणारी सकाळची लोकल क्षणभरच थांबते. तेवढ्यात चढायचे, खर्डीला जागा मिळाली तर बसायचे, नाहीतर थानशीत, आटगाव करीत आसनगावपर्यंत दाराशी उभे राहायचे, हा माझा गेल्या तीन वर्षांचा क्रम आहे. या प्रवासात आम्हा मुलींना बोलायला विषय कमी पडत नाहीत. परीक्षा, लग्ने, टँकर आला की नाही, सगळे बोलून होते. पण गेल्या वर्षभरात एक नवाच प्रश्न वारंवार कानी येऊ लागला आहे : "तुमच्या घराला आतून काय केलंत?"

प्रश्न नवा आहे, कारण घरे नवी आहेत. आमच्यापैकी चौघी-पाचजणींच्या घरी कुडाच्या जागी सिमेंटच्या भिंती उभ्या राहिल्या आहेत. वार्षिकासाठी काहीतरी लिही, असे सरांनी सांगितले तेव्हा मी या भिंतींबद्दलच लिहायचे ठरवले. साहित्यावर किंवा समाजकारणावर लिहिणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या मानाने घराची सजावट हा विषय किरकोळ वाटेल. पण याच किरकोळ विषयावरून आमच्या घरी महिनाभर अबोला होता, आणि त्यात माझ्या पुढच्या शिक्षणाचे पैसे अडकले होते. म्हणून वाचकांनी थोडा धीर धरावा.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागाची सुरुवात २०१६ साली झाली. तिच्या मूळ हिशेबात सपाट भागातील घरासाठी १ लाख २० हजार रुपये अनुदान आणि कमीत कमी २५ चौरस मीटर जागा धरलेली होती. पैसे हप्त्याहप्त्याने मिळतात. पाया झाला की एक, भिंती झाल्या की दुसरा. ज्यांनी असे घर बांधले आहे त्यांना ठाऊक आहे की छप्पर पडेपर्यंत हे पैसे संपतात आणि पदरचे घालावे लागतात. आमचेही तसेच झाले. त्यातून गिलावा केला तो ऐन एप्रिलात. तानसा आणि भातसा ही दोन धरणे आमच्याच तालुक्यात आहेत, त्यांचे पाणी मुंबईला जाते, आणि उन्हाळ्यात आमचे कित्येक पाडे टँकरची वाट पाहतात. प्यायला पाणी पुरेना, तिथे भिंतींवर कुठून मारणार? गिलाव्याला केसासारख्या चिरा पडल्या. घर पक्के झाले, पण दिसायला एखाद्या गोदामासारखे करडे आणि ओके-बोके.

अशात ताईचे लग्न ठरले. सासरची माणसे बदलापूरकडची, सदनिकेत राहणारी. घर सजवले पाहिजे, यावर सर्वांचे एकमत झाले. दादाने शहरातून एक ठेकेदार आणला. त्याने मोबाइलवर पंचवीस-तीस चित्रे दाखवली. छताखाली पांढरे नक्षीदार दुसरे छत, त्यात लपवलेले निळे दिवे, एका भिंतीवर विटांचे चित्र असलेला कागद. (खऱ्या विटांची भिंत गिलाव्याखाली झाकून तिच्यावर विटांचा कागद लावायचा, हे मला त्या वेळीही उमगले नाही!) अंदाज दिला ४२ हजारांचा. त्यातले १५ हजार घरात होते. ते माझ्या बी.एड.साठी बाजूला ठेवलेले. उरलेले २७ हजार आईच्या बचत गटातून कर्जाऊ काढायचे, असे बाबांनी मनाशी ठरवूनही टाकले.

तेव्हा इथून पुढे मी जे मत मांडणार आहे त्यात माझा स्वार्थ होता, हे आधीच कबूल करते. पण स्वार्थापोटी सुचलेला विचार चुकीचाच असतो असे नाही.

पहिली गोष्ट ही, की गरिबाने घर सजवायची हौस धरू नये, असे मला मुळीच म्हणायचे नाही. आपल्याकडे काही शहाणी माणसे असे बोलतात. अन्नवस्त्राची भ्रांत असताना रंगरंगोटी कशाला, असा त्यांचा सवाल असतो. त्यांनी एकदा आमचे जुने घर पाहायला हवे होते. कारवीच्या कुडावर मातीचा लेप, त्यावर शेणाचे सारवण. सारवताना आजीची बोटे अर्धगोलात फिरत आणि सबंध भिंतीवर कमानी उमटत. उंबऱ्यालगत गेरूचा पट्टा, त्याच्या कडेने पांढरे ठिपके. दिवाळीला दाराशी हाताचे ठसे. तिला कुणी सजावट म्हणत नव्हते, पण ती सजावटच होती. घरात दाणा कमी असे त्या वर्षीसुद्धा तो पट्टा चुकला नाही. सुंदर दिसण्याची भूक पोटाच्या भुकेनंतर रांगेत उभी राहत नाही. दोन्ही एकाच वेळी लागतात.

दुसरी गोष्टही तितक्याच स्पष्टपणे सांगते. मी मातीच्या घराचे गोडवे गाणार नाही. ते गोडवे गातात ती माणसे बहुधा दोन दिवस राहून परत जाणारी असतात. आठ-पंधरा दिवसांनी वाकून सारवायचे ते आईने. पावसात पश्चिमेची भिंत भिजून पोपडे पडायचे ते पुन्हा लिंपायचे आईने. कुडाच्या फटीतून विंचू निघायचे. आता शेणालाही गोठ्यात गुरे उरलेली नाहीत. सिमेंटची भिंत आली म्हणून आईची कंबर थोडी सुटली, याचा मला आनंद आहे. तेव्हा प्रश्न जुने की नवे हा नाही. नव्या भिंतीवर काय उमटावे, ते कुणी उमटवावे आणि त्याचे दाम कुणाच्या हातात पडावे, हा आहे.

या प्रश्नाचा विचार आपल्या देशात मोठ्या माणसांनी केलेला आहे. लॉरी बेकर हे जन्माने इंग्रज वास्तुशास्त्रज्ञ. १९१७ साली बर्मिंगहॅमला जन्मले आणि २००७ साली तिरुवनंतपुरमला वारले. मधला बहुतेक काळ त्यांनी भारतात कमी खर्चाची घरे बांधण्यात घालवला. घराचे सामान त्या जागेपासून पाच मैलांच्या आत मिळणारे असावे, हा गांधीजींचा विचार आपण आयुष्यभर मनाशी धरला, असे ते सांगत. त्यांच्या घरांत सजावट अशी वेगळी आणून लावलेली नसते. विटा रचतानाच मधे मोकळ्या सोडून त्यांची जाळी केलेली असते. वारा येतो, प्रकाश येतो आणि जमिनीवर कवडशांची नक्षी पडते. फार लांब जायला नको. आपल्याच महाराष्ट्रात, वर्ध्याजवळ सेवाग्रामला बापूकुटीच्या मातीच्या भिंतीवर मीराबेननी ताडाची झाडे आणि चरखा मातीनेच उठावात काढला आहे. ज्या घरात एकही जादा वस्तू नाही तिथेही भिंत रिकामी ठेवलेली नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

मी घरी म्हटले, आपणही पाच मैलांचा हिशेब करून पाहू. उंबरमाळीपासून पाच मैलांत काय काय मिळते? खर्डीच्या बाजारात चुना, गेरू, नीळ, डिंक. बांबूच्या तट्ट्या, सुपे आणि टोपल्या विणणारी माणसे. एक म्हातारे सुतार, ज्यांना आता कुणी बोलावत नाही, कारण दारे लोखंडी झाली आहेत. घरात जुन्या घराचे सागवानी दार, पेटीत आजीची सुती लुगडी. आणि शेजारच्या पाड्यावर एक वारली मावशी, जिचा हात सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक आहे.

दादा हसला. "म्हणजे पुन्हा आदिवासी घरच करायचं का?" तो म्हणाला. या वाक्याने मला लेखाचा खरा विषय दिला.

थोडा इतिहास सांगते. वारली चित्रकला ही घरच्या भिंतीची कला आहे. लग्नाच्या वेळी सवाशिणी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. 'काढतात' म्हणत नाहीत, 'लिहितात' म्हणतात. चौकात पालघाट देवी असते. काडीचे टोक चावून तिचाच कुंचला करतात. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत भास्कर कुलकर्णी डहाणू भागात आले. बिहारमध्ये १९६६-६७ साली दुष्काळ पडला, तेव्हा मधुबनीच्या स्त्रियांना भिंतीवरची चित्रे कागदावर काढायला लावणारे तेच हे चित्रकार. त्यांच्या प्रोत्साहनाने वारली चित्रे कागदावर उतरली. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ती देशोदेशी नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते निवर्तले. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. योगायोग असा, की त्याच वर्षी १ ऑगस्टला ठाणे जिल्ह्याचे विभाजन झाले आणि डहाणू, तलासरी, जव्हार हा वारल्यांचा मोठा मुलूख पालघर जिल्ह्यात गेला. पण जिल्हा बदलल्याने माणसे बदलत नाहीत. आमच्या शहापूर तालुक्यातही वारली पाडे आहेत, तशाच ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांच्या वस्त्या आहेत.

आज ही चित्रे कुठे दिसतात? मुंबईच्या हॉटेलांत, विमानतळावर, साड्यांवर, चहाच्या कपांवर. शहरातली माणसे पैसे मोजून ती आपल्या दिवाणखान्यात लावतात. आणि पाड्यावरच्या नव्या घरकुलाला मात्र गुलाबी तैलरंग आणि प्लॅस्टिकच्या फुलांचे तोरण! ज्यांची नक्षी जग आपल्या भिंतीवर लावते, त्यांनाच स्वतःच्या भिंतीवर ती लावायची लाज वाटावी, हे दुर्दैव आहे. ही लाज त्यांच्या मनात कुणी घातली? आपणच घातली. दादासारख्यांनी, आणि खरे सांगायचे तर माझ्यासारख्यांनीही. शाळेत असताना मैत्रिणीला घरी नेण्यापूर्वी शेणाच्या भिंतीवर चादर टांगणारी मुलगी मीच होते.

अखेर आईने माझी बाजू घेतली. कर्ज तिच्या नावावर निघणार होते, हेही एक कारण असेल. काय केले ते थोडक्यात सांगते, म्हणजे कुणाला उपयोग झाला तर होईल. आधी भिंती दोन महिने सुकू दिल्या. ओल्या गिलाव्यावर तैलरंग दिला तर पावसाळ्यात फुगून त्याचे फोड येतात, हे दोन घरी पाहिले होते. चिरा बुजवल्या. चुना रात्रभर भिजवून, गाळून, त्यात डिंकाचे पाणी आणि चिमूटभर नीळ घातली. भिंत आधी पाण्याने ओली करून पातळ असे तीन हात दिले. खोली एकदम मोठी आणि उजळ दिसू लागली. जुन्या दाराच्या फळ्यांतून सुतारकाकांनी दोन दिवसांत फडताळ आणि देवघराची चौकट केली. खिडक्यांना आजीच्या लुगड्यांचे पडदे झाले. छपराचा पत्रा तापतो म्हणून त्याखाली बांबूच्या तट्ट्या आडव्या बांधल्या. दादाला दुसरे छत हवे होते, ते असे मिळाले!

एक फजितीही सांगायला हवी. समोरच्या भिंतीला मी स्वतः गेरू लावला, तो पाण्यात कालवून, मातीच्या भिंतीला लावतात तसा. सिमेंटवर तो धरेना. जो टेकेल त्याची पाठ लाल. पाड्यावरची मावशी आली, तिने बोट फिरवून पाहिले आणि म्हणाली, "बाय, ही भित काय पानी पिते का? हिला चिकट पायजे." मग गेरूत डिंक घालून पुन्हा दोन हात दिले. पुस्तके वाचून जे कळले नव्हते ते तिला एका बोटाने कळले.

मी तिला चौक लिहायला सांगितले. तिने साफ नकार दिला. "तो देवाचा. आमच्या लग्नाला लिव्हायचा. तुमच्या लग्नाला तुमचा देव." मला आधी वाईट वाटले, नंतर पटले. प्रत्येक गोष्ट मागून मिळावीच असे नाही. तिने आणि तिच्या सुनेने मग दोन दिवस बसून दुसरे लिहिले. उंबराचे झाड, लावणी करणाऱ्या बायका, तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती फेर, आणि तळाशी, कुणी सांगितले नसताना, आमची लोकल. दारात लोंबकळणारी माणसेसुद्धा!

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. काम संपल्यावर द्यायचे काय? आई म्हणाली, पायलीभर तांदूळ आणि एक लुगडे देऊ, पूर्वीपासून असेच देतात. बाबा म्हणाले, शेतावरच्या बायकांची रोजी ४०० रुपये आहे, ती देऊ. मी म्हणाले, रंगाऱ्याला आपण ८०० दिले असते, मग यांना का नाही? बाबांचे उत्तर प्रामाणिक होते. "रंगारी शिकलेला असतो." म्हणजे आजीच्या मांडीवर बसून शिकलेले ते शिक्षण नव्हे! यावर आमचे पुष्कळ वाजले. शेवटी दोघींना दोन दिवसांचे ३,२०० रुपये दिले, आणि आईच्या समाधानासाठी लुगडेही दिले. सुतारकाकांचे १,८००, तट्ट्यांचे ९००, चुना-गेरू-डिंक मिळून १,१००, पडद्यांच्या दांड्या ३००. एकूण ७,३०० रुपये झाले. ४२ हजारांच्या जागी ७,३००. आणि त्यातले बहुतेक पैसे पाच मैलांच्या आतच राहिले.

माझे मत या हिशेबाभोवती फिरते. परवडणारी मदत हवी, असे आपण सारेच म्हणतो. पण पुष्कळदा परवडणारी याचा अर्थ आपण असा करतो की, बाईचे, म्हाताऱ्याचे किंवा पाड्यावरच्या माणसाचे काम फुकटात किंवा निम्म्यात पदरात पाडायचे, आणि वाचलेले पैसे शहरातल्या दुकानात मुकाट्याने मोजायचे. दुकानात आपण घासाघीस करीत नाही, तट्टी विणणाऱ्याशी मात्र दहा रुपयांसाठी हुज्जत घालतो. हे स्वस्त नव्हे. हे दुसऱ्याच्या खिशातून घर सजवणे आहे. खरी काटकसर असते ती सामानात आणि दिखाऊपणात. हाताच्या मोलात नव्हे.

याचा शेवट सर्वांच्या मनासारखा झाला असे मी म्हणणार नाही. लग्नात व्याह्यांकडच्या दोघी-तिघींनी भिंतीसमोर उभे राहून फोटो काढून घेतले. एकीने मात्र हळूच विचारले, "छत करायचं राहिलं का?" ताईला ते लागले. फोटोत पांढरे छत जास्त शोभले असते, असे ती अजूनही म्हणते, आणि तिचे लग्न होते म्हणून तिला तसे म्हणायचा अधिकार आहे. माझ्या फीचे पैसे मात्र शाबूत आहेत. लोकलमधल्या दोघी मैत्रिणींनी सुतारकाकांचा पत्ता नेला, एकीने मावशीचा.

त्यावरूनच एक सूचना सुचते, ती प्राध्यापकांपुढे आणि विद्यार्थी मित्रांपुढे नम्रपणे ठेवते. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. तिच्या हिवाळी शिबिरात आपण दरवर्षी रस्ते झाडतो, शोषखड्डे खणतो. पुढच्या शिबिरात एक वही करावी. कोणत्या गावात सुतार आहे, कोणत्या पाड्यावर बांबूचे काम होते, चुना कोण चांगला लावतो, भिंतीवर कोण लिहिते, आणि त्यांची रोजची मजुरी काय, हे त्यांना विचारून, त्यांच्या संमतीने नोंदवावे. नवे घरकूल होईल त्याला ती वही दाखवावी. महाविद्यालयापासूनच सुरुवात करावी. २०१८ साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, पण स्नेहसंमेलनाचा रंगमंच आपण अजून शहरातून आणलेल्या पडद्यांनीच भरतो. एक वर्ष तो बांबूचा करून पाहावा, आणि करणाऱ्याला सत्कार म्हणून नुसता नारळ न देता पूर्ण मजुरी द्यावी.

परवा लोकलमध्ये पुन्हा तोच प्रश्न निघाला. आटगावच्या एका मुलीच्या घराचा गिलावा नुकताच झाला आहे. तिने विचारले, "तुमच्या घराला आतून काय केलंत?" मी म्हटले, "रविवारी ये, पाहून जा. पण येताना आईलाही घेऊन ये. भिंतीला काय धरतं आणि काय धरत नाही, हे तिला आपल्यापेक्षा जास्त कळेल."